पहिलाच परदेश प्रवास, व्हिएतनाम, पाच जण, दिवाळीची सुट्टी: मदत हवी आहे

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या घरातून आजवर सर्वांत लांब गेलेत ते सासरे, यात्रेच्या बसने पशुपतिनाथला. पासपोर्ट घरात कुणाकडेच नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं ठरलंय. आम्ही दोघं, पाचवीतला मुलगा, सासूबाई (६३) आणि सासरे (६९). राहायला नाशिक. बजेट सगळं धरून पाच लाख. थोडं मागेपुढे चालेल, पण सहाचा आकडा दिसला की नवरा महाबळेश्वरचं बुकिंग करेल.

व्हिएतनामच का? सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी कुठल्याशा मासिकात मध्य व्हिएतनाममधल्या 'मी सन' या गावच्या शिवमंदिरांबद्दल वाचलं. चंपा या तिथल्या जुन्या हिंदू राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून बांधलेली देवळं, पुढे १९६९ मध्ये अमेरिकेच्या बाँबफेकीत बरीच पडली, आणि अलीकडे त्यातल्या काहींची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने केली. २०२० मध्ये हे काम चालू असताना अखंड दगडाचं नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं. हे सगळं ठीक, पण त्यांचा जीव अडकलाय विटांत. दोन विटांमध्ये चुना दिसत नाही, मग भिंत उभी कशी राहिली, हे त्यांना हात लावून बघायचंय. (हात लावू देतात का, हाही प्रश्नच.) मुलाला तो दोन दगडी हातांनी उचलून धरलेला सोनेरी पूल बघायचाय, नवऱ्याला 'हा लाँग बे' (समुद्रातून वर आलेल्या डोंगरांची खाडी). सासूबाई म्हणतात, कुठेही न्या, जेवणाचं काय ते आधी सांगा. त्या अंडंही खात नाहीत आणि संकष्टी सोडत नाहीत.

एका टूर कंपनीने माणशी एक लाख पंधरा हजार सांगितले, वर जीएसटी आणि टीसीएस (कंपनीने आधीच कापून घ्यायचा प्राप्तिकर). त्यात मी सन नाहीच, 'ऑप्शनल' म्हणे. म्हणून आपलं आपणच जावं असं वाटतंय.

माझा कच्चा आराखडा: मुंबईहून हनोई. तिथे दोन रात्री, एक रात्र हा लाँगच्या बोटीवर, मग विमानाने दा नांग. होई आनला तीन रात्री (मी सन तिथूनच), दा नांगला एक, शेवटी सायगावला (हो चि मिन्ह सिटी) दोन आणि तिथून मुंबई. मुंबईची जाण्यायेण्याची तिकिटं पाच जणांची दीड लाखाच्या आत बसवायची आहेत. देशांतर्गत विमानं पन्नास हजार, दोन-दोन खोल्या धरून हॉटेलं साठ हजार, व्हिसाचे अकरा-बारा हजार. खाणं, बोट, गाड्या, तिकिटं यांना दीड लाख. म्हणजे सव्वाचारच्या आसपास आणि वर गंगाजळी. यात काही राहिलंय का?

बाकी अडचणी अशा. सासूबाईंचं शिक्षण आठवीपर्यंत. दहावी नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी जायला सरकारी परवानगी लागते असा) शिक्का बसतो आणि विमानतळावर अडवतात, असं शेजारच्या काकांनी सांगून ठेवलंय. त्यांनी धसका घेतलाय. दुसरं, पैसे कसे न्यायचे? डाँग (तिथलं चलन) इथे मिळत नाहीत म्हणतात. तिसरं, सासऱ्यांना मधुमेह आहे आणि सासूबाईंचे गुडघे बोलतात, तर हा आराखडा त्यांना झेपेल का?

आणि मुख्य म्हणजे, दिवाळीत हवा कशी असते?

---

हिशेबी

ईसीआरचं आधी. पन्नाशी उलटलेल्यांना ईसीआर लागत नाही, शिक्षण कितीही असो. शिवाय तो शिक्का कामासाठी ठरावीक देशांत जाणाऱ्यांच्या संदर्भात आहे आणि व्हिएतनाम त्या यादीत नाही. काकांना चहा पाजा आणि विषय बंद करा. साठीपुढच्यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये दहा टक्के सूटही मिळते. पोलीस पडताळणीला मात्र दोघं घरात असतील असं बघा.

टीसीएस हा खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो. पण तोवर पैसे अडकतात आणि सासरे रिटर्न भरत नसतील तर ताप. बिल ज्याच्या नावावर असेल त्याच्या पॅनवर जातो, एवढं लक्षात ठेवा.

पैसे: डॉलर न्या, शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा. विमानतळावर थोडे बदला, बाकीचे शहरात बँकेत. सोबत एक कार्ड. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.

आराखड्यात प्रवासविमा दिसला नाही. ज्येष्ठांसाठी आधीपासूनचा आजार धरणारा घ्या, प्रीमियम जास्त पडला तरी. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

---

मुक्काम सायगाव

नोकरीनिमित्त इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आराखडा चांगला आहे, महिना चुकीचा आहे. हा देश उभा आणि लांबोडका. हनोई ते सायगाव रेल्वेने १७२६ किलोमीटर. त्यामुळे 'व्हिएतनामची हवा' अशी एक गोष्टच नाही. दिवाळीत हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग छान असतं, कोरडं आणि गार होत चाललेलं. सायगावातला पाऊस ओसरत आलेला असतो. पण मधला पट्टा, म्हणजे हुए, दा नांग, होई आन आणि तुमचं मी सन, तिथे खरा पावसाळा सप्टेंबर ते डिसेंबर. आपल्या मोसमी पावसाच्या उलटं. ईशान्येचे वारे समुद्रावरून येतात आणि मागच्या डोंगराला आपटतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या जुन्या गावात नदी शिरणं हे नेहमीचंच. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस तर हुए आणि होई आन दोन्ही पाण्याखाली होती. लोक तळमजल्यावरचं सामान माळ्यावर चढवतात आणि गल्लीत होड्या फिरतात. दरवर्षी तुमच्याच तारखांना पूर येईल असं नाही, पण सासऱ्यांना ज्या एका जागेसाठी यायचंय ती नेमकी याच पट्ट्यात आहे.

दिवाळीतच यायचं असेल तर मधला पट्टा गाळा. हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग आणि सायगाव-मेकाँग करा. मी सन पक्कं असेल तर फेब्रुवारी ते ऑगस्टमध्ये या. त्यातही फेब्रुवारीअखेर ते एप्रिल उत्तम. टेट, म्हणजे इथलं नववर्ष, तेवढं टाळा. ते जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं, तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या.

---

कांदेपोहे

वाचनखूण साठवली.

पहिलीच वेळ आणि सोबत म्हातारी माणसं, मग थायलंड का नको? विमानं जास्त, जैन जेवणसुद्धा मिळतं, सगळं सरावाचं. व्हिएतनाम दुसऱ्या खेपेला ठेवा.

---

गोदाकाठ

कांदेपोहे, थायलंडला आमच्या सोसायटीतले निम्मे जाऊन आलेत. सासऱ्यांना कौतुक नाही. विटा तिकडेही असतील, पण त्यांना याच हव्यात.

मुक्काम सायगाव, हे सगळं जेवताना वाचून दाखवलं. पुराचं ऐकून सासरे म्हणाले, "पावसाळ्यात नदीकाठी जायचं कुणी सांगितलंय?" तीस वर्षं पूररेषा आखण्यात घालवलेल्या माणसापुढे मी काय बोलणार! दिवाळी रद्द. फेब्रुवारी-मार्च शाळेमुळे शक्य नाही. पाचवीला आता वार्षिक परीक्षेत बसवतात, नापासही करतात. परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालते. ती संपली की लगेच निघालो तर?

---

मुक्काम सायगाव

लगेच नको. ३० एप्रिल हा इथला एकीकरण दिन, १ मे कामगार दिन. जोडून सुट्टी येते आणि अख्खा देश दा नांगच्या किनाऱ्यावर उतरतो. हॉटेलांचे भाव तेव्हा बघवत नाहीत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात या.

मेमध्ये ऊन आहे, ते लपवत नाही. दा नांगला पारा पस्तिशीच्या पुढे जातो आणि दमटपणा मुंबईसारखा. त्यामुळे मी सनला पहाटेच निघा. होई आनहून चाळीसेक किलोमीटर आहे. फाटकापासून देवळांच्या अलीकडेपर्यंत विजेवरच्या गाड्या नेतात, पुढे चालणं सपाटच आहे. नऊच्या आत बघून परतीला लागा. भिंतींना हात लावू नका अशा पाट्या आहेत, पण विटा हातभर अंतरावरून दिसतात. दुपारी दा नांगच्या चाम (म्हणजे चंपाच्या लोकांच्या) संग्रहालयात बसा. फ्रेंचांनी १९१९ मध्ये उघडलेलं. मी सनहून आणलेल्या मूर्ती आणि वेदीचे दगड तिथे आहेत. बाबांना अर्धा दिवस पुरणार नाही.

सोनेरी पुलासाठी बा ना हिल्सचं तिकीट काढावं लागतं, रोपवे धरून माणशी तीन हजारांच्या वर. मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. एक मीटरपर्यंत फुकट, एक मीटर चाळीसपर्यंत कमी दर. मुलाला आत्ताच भिंतीला उभं करून मोजा आणि मेपर्यंत फार वाढू देऊ नका. आजी-आजोबांना वर नेऊ नका, गर्दीच गर्दी आहे. दोघांपैकी एकाने मुलाला न्यावं, बाकीच्यांनी होई आनमध्ये आराम करावा.

सायगावची एक रात्र कापा आणि हुएला द्या. हुए ते दा नांग आगगाडीने या. अडीच-तीन तास लागतात, गाडी हाय वान घाटातून जाते. डावीकडची खिडकी घ्या, समुद्र त्या बाजूला आहे.

---

तिखटमीठ

जेवणाचं मी सांगते, मीही अंडं न खाणारी.

इथे बौद्ध शाकाहारी खाणावळी गल्लोगल्ली असतात. पाटीवर 'चाय' लिहिलेलं शोधा, रोमन लिपीत सी-एच-ए-वाय. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला पुष्कळ लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी या खाणावळी ओसंडून वाहतात. साध्या हॉटेलात मात्र 'व्हेज' म्हटलं तरी भाजीवर माशाचा सॉस पडतो. त्यांच्या लेखी तो मिठासारखा. म्हणून 'मांस, मासे, अंडं, माशाचा सॉस काही नको' असं व्हिएतनामीत भाषांतर करून फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर देताना दाखवा. हनोईत एक कॉफी प्रसिद्ध आहे, वर पिवळाधमक फेस. तो अंड्याचा असतो, सासूबाईंना आधीच सांगा. बोटीवाल्यांना बुकिंग करतानाच शाकाहारी लिहून कळवा, ऐनवेळी भात आणि उकडलेली कोबी मिळते.

हनोई, दा नांग, सायगावला भारतीय हॉटेलं आहेत. दोन दिवसांआड एकदा तिथे वरणभात झाला की ज्येष्ठ मंडळी खूश राहतात. खोलीत बहुधा पाण्याची किटली असते, सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, इन्स्टंट उपमा ठेवा. संकष्टीला फळं मुबलक, आणि मेमध्ये आंबाही असतो (हापूस नाही, तुलना करू नका).

नोटा नीट बघा. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही निळ्या. घाईत टॅक्सीवाल्याला दिली की गेली. पाच लाखांच्या वेगळ्या पाकिटात ठेवते मी. हिशोब सोपा: तीन शून्यं काढा, साडेतीनने गुणा, साधारण रुपये येतात.

---

हिशेबी

व्हिसाचं राहिलं. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' असा असतो. एका प्रवेशाचे २५ डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत. हुबेहूब दिसणारी एजंटांची पानं शोधात आधी येतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही, म्हणून नावं जपून भरा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम'मध्ये आलेलं असतं. फॉर्ममध्येही तसंच भरायचं. पासपोर्टच्या पानावर सगळ्यात खाली बाणांच्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्यात जे अक्षर जसं आहे तसंच. जन्मतारीख दिवस-महिना-वर्ष. उतरायचा विमानतळ नोई बाय (हनोई) निवडा आणि मग तिथेच उतरा. पाचही जणांची प्रिंट कागदावर काढा.

आणि हो, तिथे स्कूटर भाड्याने घेऊ नका. आपल्याकडचं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या करारातलं, ते तिथे चालत नाही. अपघात झाला तर विमाही हात वर करतो. ग्रॅब (मोबाइलवरून मागवायची टॅक्सी) मागवा, पाच जणांना सात सीटची.

---

गोदाकाठ

खूप खूप आभार सगळ्यांचे.

मुलगा आज एक मीटर सदतीस भरला. म्हणजे मेपर्यंत काही खरं नाही, मोठ्याचंच तिकीट धरते. पासपोर्टची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात, पाचही जणांची एकाच दिवशी मिळाली. सासूबाईंच्या आधारवर मधलं नाव नाही, लग्नाच्या दाखल्यावर आहे. आधी आधार दुरुस्त करून घेऊ का, की तसंच जाऊ?

---

हिशेबी

आधी आधार. अपॉइंटमेंट पुढे ढकलता येते, पासपोर्टवर एकदा छापलेलं नाव बदलायला पुन्हा सगळं पहिल्यापासून. बाकी चौघं ठरल्या दिवशी जाऊन या.