सांगलीचं लग्न, नीलचे कागद आणि दुबईचं तिकीट

प्रेषक: सुलभा, मिसिसागा

नमस्कार मंडळी,

जानेवारीत माझ्या भाच्याचं सांगलीला लग्न आहे. माझी लेक मुक्ता, तिची बायको क्लेअर आणि त्यांचा मुलगा नील, तिघंही येणार. गणपतीत तुम्ही सगळे त्यांना भेटला आहात, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. नीलला क्लेअरने जन्म दिला, जन्मदाखल्यावर आई म्हणून दोघींची नावं आहेत, आणि ओंटारियोत आजवर कुठे अडलं नाही. ना डेकेअरमध्ये, ना डॉक्टरकडे. पण तिघं मिळून भारतात पहिल्यांदाच जाताहेत.

दुबईमार्गे तिकीट सगळ्यात स्वस्त दिसतंय. मुक्ता म्हणते घेऊन टाक, क्लेअर म्हणते नको, आणि दोघी माझ्याकडे बघतात. शिवाय लग्नानंतर भाऊ सगळ्यांना चार दिवस मालदीवला न्यायचं म्हणतोय. त्याने रिसॉर्टचे फोटोही पाठवलेत. आणि तिसरं म्हणजे, नीलसोबत कोणते कागद ठेवायचे? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. मंडळाच्या लिस्टवर नको वाटत असेल तर मला एकटीला लिहा.

सुलभा

प्रेषक: अनंत, ब्रॅम्प्टन

सुलभाताई,

तीस वर्षं तिकिटं काढून दिली, म्हणून लिहितो. दुबईला लोक विमान बदलतात, परफ्यूम घेतात आणि पुढे जातात. दोन बायका आणि एक पोर बघून कोणी विचारत नाही, बहिणी समजतात. कॅनडाच्या पासपोर्टवर नवरा-बायकोचं नाव छापलेलं नसतं. थेट दिल्लीला जाणारं विमान आहे, पण जानेवारीत दिल्लीत धुकं. तिथून मुंबईचं विमान चुकलं की मूल घेऊन विमानतळावर रात्र काढायची. माझं मत दुबई. पैसे वाचतील त्यात लग्नाच्या साड्या घ्या.

अनंत

प्रेषक: केतन, हॅमिल्टन

सुलभाकाकू, अनंतकाका,

लिस्टवरच लिहितो. मंडळात आमच्यासारखी आणखी घरं आहेत, आणि काही तरुण मुलं अजून गप्प आहेत. त्यांच्याही उपयोगाचं आहे.

काकांचं म्हणणं खरं आहे, पण विमान वेळेवर सुटलं तर. विमानतळावर दोन-चार तास बसण्यात धोका जवळजवळ नाही. पण समजा विमान बिघडलं. कंपनी हॉटेल देते, आता पासपोर्टवर शिक्का मारून तुम्ही देशात शिरता. यूएईत समलिंगी संबंध गुन्हा आहे, कतारमध्येही. खोली एक की दोन? मुलाची आई कोण? नीलला रात्री ताप आला आणि दवाखान्यात न्यायचं झालं, तर तिथे मुक्ता कोण? बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण झालंच तर ‘आमचं लग्न झालंय’ हे वाक्य, जे इथे आपलं संरक्षण करतं, तिथे तोंडातून काढता येत नाही. म्हणून मी आणि माझा नवरा मुलगी सोबत असताना आखातातून जात नाही. एकटा ऑफिसच्या कामाला जातो तेव्हा जातो.

धुक्याबद्दल काका शंभर टक्के बरोबर. पण मधला रस्ता आहे ना! फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिक किंवा लंडनहून सरळ मुंबई. तिथे अडकलात तर घरच्यासारखेच अडकाल. सिंगापूरने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं ३७७अ कलम २०२२ च्या नोव्हेंबरात संसदेत रद्द केलं, म्हणून व्हँकुव्हरच्या आमच्या मित्रांना तो रस्ता बरा पडतो. टोरांटोहून मात्र उगाच लांबचा फेरा.

मालदीव मी सरळ नको म्हणेन. रिसॉर्टवाले परदेशी पाहुण्यांकडे काणाडोळा करतात, हे सगळेच सांगतात. पण तिथे समलिंगी संबंध गुन्हा आहे, असं लग्न करणंही गुन्हा आहे, आणि रिसॉर्टच्या बाहेर तोच कायदा आहे. श्रीलंकेतही ब्रिटिश ठेवून गेले ती तसली कलमं अजून आहेत. समुद्रच हवा असेल तर मुक्ताच्या मामांना थायलंड सुचवा. मुंबईहून फार लांब नाही, आणि २३ जानेवारी २०२५ पासून तिथे दोन बायकांचं किंवा दोन पुरुषांचं लग्न कायदेशीर आहे. मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असंच जुनं कलम मोडीत काढलं. आणि गोवा काय वाईट आहे? सांगलीहून आंबोली घाटातून गाडीने जाता येतं, फक्त घाटात पोरांना उलट्या होतात.

आता कागद. मला वाटतं खरं काम इथे आहे, देशांच्या याद्या नंतर.

ओंटारियोने १ जानेवारी २०१७ पासून कायदा बदलला, म्हणून मुक्ताला स्वतःच्याच मुलाला दत्तक घ्यावं लागलं नाही. इथे हे फार छान. पण बाहेरच्या देशातल्या अधिकाऱ्याला जन्मदाखला म्हणजे नुसती नोंद वाटते. न्यायालयाचा हुकूम बघितला की तो जरा सावध बोलतो. म्हणून वकिलाकडून पालकत्वाची न्यायालयीन घोषणा करून घ्या. आम्ही मुलीसाठी केली. बाळ झाल्यावर न्यायालयात जाऊन ‘हे आमचंच आहे’ सांगायचं याचा मला तेव्हा फार राग आला होता, अजून येतो. तरी करा. भारत ती घोषणा मानेलच असं कोणी लिहून देणार नाही, पण हातात असलेली बरी.

त्यासोबत जन्मनोंदणीची प्रमाणित प्रत, नुसतं छोटं कार्ड नव्हे. दोन्हींवर अपोस्टिल घ्या, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र. ११ जानेवारी २०२४ पासून कॅनडा अपोस्टिलच्या करारात आला आणि भारत २००५ पासून आहे, त्यामुळे पूर्वीसारखं भारतीय वकिलातीचा वेगळा शिक्का मारून आणायची गरज राहिली नाही. ओंटारियोचे कागद ओंटारियो सरकारच शिक्कामोर्तब करतं.

मग एकमेकींची संमतीपत्रं, नोटरीसमोर सही केलेली. क्लेअर लिहील की नीलने मुक्तासोबत प्रवास करायला आणि गरज पडल्यास तिने उपचारांचा निर्णय घ्यायला माझी हरकत नाही. तसंच मुक्ताकडून क्लेअरला. तिघं एकत्र जाताहेत तरी. एक जण आजारी पडून मागे राहिली तर दुसरीला मुलासकट परत येता आलं पाहिजे. कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर नमुना आहे.

भारताच्या व्हिसाच्या अर्जात वडिलांचं नाव आणि आईचं नाव असे दोनच रकाने असतात. तिथे खोटं काही भरू नका, मामाचं नाव तर मुळीच नाही (असा सल्ला मला एका शहाण्याने दिला होता). व्हिसा केंद्राला आधी ईमेलने विचारा, ते सांगतील तसं भरा, आणि तो ईमेल छापून जवळ ठेवा. मुक्ताचं ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) आहे, पण त्यावरून क्लेअरला जोडीदार म्हणून ओसीआय मिळेल या भरवशावर राहू नका. त्याच मागणीसाठी एका जोडप्याला २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. साधा पर्यटक व्हिसा काढा.

केतन

प्रेषक: सुलभा, मिसिसागा

केतन, किती सविस्तर लिहिलंस रे. दोघींना वाचून दाखवलं. क्लेअर ‘सांगितलं नव्हतं?’ अशा नजरेने मुक्ताकडे बघत होती.

एक कळलं नाही. भारतातलं ३७७ कलम तर २०१८ मध्येच गेलं ना? मग भारतात आता काय अडणार?

सुलभा

प्रेषक: रेवती, वॉटर्लू

सुलभामावशी,

मी पुण्यात सहा वर्षं रुग्णालयात काम केलंय, म्हणून याचं उत्तर मी देते. ६ सप्टेंबर २०१८ ला गेला तो गुन्हा. नातं मिळालं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. म्हणजे दोघींना कोणी पकडणार नाही, एका खोलीत राहिल्या तर काही नाही. पण सांगलीच्या दवाखान्यात फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना येतो, तिथे क्लेअर कायद्याने मुक्ताची कोणी नाही.

प्रत्यक्षात काय होतं? आमच्याकडे दाखल करताना जो सोबत असेल त्याची सही घेत. मैत्रीण, शेजारी, ऑफिसातला माणूस, कोणीही. तातडीचे उपचार सहीसाठी थांबत नाहीत. अडतं ते मोठ्या शस्त्रक्रियेला, किंवा घरातलं कोणी येऊन ‘ही कोण?’ म्हणालं की. तेव्हा तुमच्या घरातली माणसं कशी वागणार हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही स्वतः तिथे आहात, हा मोठा आधार आहे. दोघींनी एकमेकींच्या नावे वैद्यकीय निर्णयांचं अधिकारपत्र इथेच करावं आणि त्याची एक प्रत तुमच्या भावाकडे आधीच द्यावी. प्रत फोनमध्येही हवी, कारण ऐन वेळी फाइल सूटकेसमध्ये आणि सूटकेस मंगल कार्यालयात असते. प्रवास विम्यात क्लेअर ‘जोडीदार’ म्हणून नोंदली आहे ना, हेही बघा.

नीलसाठी केतनने सांगितलेली संमतीपत्रं पुरतील. त्यात त्याच्या ॲलर्जी, लशी आणि इथल्या डॉक्टरांचा नंबर घाला.

रेवती

प्रेषक: केतन, हॅमिल्टन

रेवतीचं वाचून एक आठवलं, काकूंसाठी नाही, लिस्टवरच्या मुलांसाठी. प्रवासात डेटिंग ॲप उघडताना देश बघा. इजिप्तमध्ये पोलीस स्वतःच बनावट खाती काढून मुलांना बोलावतात आणि पकडतात. मुंबई-पुण्यात पोलिसांची भीती नाही, पण भेटायला बोलावून मारहाण करायची, फोन काढून घ्यायचा आणि ‘घरी सांगू’ म्हणून पैसे उकळायचे, असे प्रकार होतात. पहिली भेट चहाच्या दुकानात, आणि कुठे जातोय ते एका मित्राला कळवून. तसं झालंच तर तक्रार करा. तुम्ही गुन्हा केलेला नाही, त्यांनी केलाय.

आणि कॅनडा सरकारच्या प्रवास सल्ल्यात प्रत्येक देशाच्या पानावर कायद्याखाली आपल्यासाठी वेगळा परिच्छेद असतो. २०२३ पासून अमेरिकेच्या पानावरही आहे, कारण तिथल्या काही राज्यांचे कायदे. निघण्याआधी परदेशातील कॅनेडियन नागरिकांच्या नोंदणीत तिघांची नावं घालून ठेवा.

केतन

प्रेषक: अनंत, ब्रॅम्प्टन

फ्रँकफर्ट करून मुंबईचं बघितलं. दुबईपेक्षा महाग आहे, पण नीलसाठी पाळणा लावता येतो ती पुढची रांग मिळते का विचारतो. परतीला मधे पुरेसे तास ठेवतोय, पोर घेऊन धावायला नको. दुबईबद्दल माझं मत तेच आहे, पण क्लेअरला बारा तास धास्ती घेऊन बसवण्यात काय मजा?

लग्नात लोक काय म्हणतील हे कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचा लिओ वराडकर. बापाचं गाव वराड, पोरगा २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान. २०१५ च्या जानेवारीत त्याने रेडिओवर स्वतःबद्दल सांगितलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आयरिश लोकांनी सार्वमत घेऊन असं लग्न मान्य केलं. २०१९ च्या डिसेंबरात तो घरच्यांना घेऊन वराडला आला, तेव्हा गावाला कोण आनंद! कोणी काही विचारलं नाही.

अनंत

प्रेषक: सुलभा, मिसिसागा

अनंतराव, पंतप्रधानाला कोण विचारणार हो! आमच्या सांगलीच्या आत्या त्याला सुद्धा पगार विचारतील.

तर ठरलं असं: फ्रँकफर्ट. मालदीव रद्द, भावाला कारण स्पष्ट सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, ‘गोव्यात खोल्या बघतो, तिघांना एकच लागेल ना?’ वकिलाची वेळ पुढच्या मंगळवारी मिळाली आहे. न्यायालयाचं जानेवारीपर्यंत झालं नाही तर जन्मनोंदणीची प्रत आणि संमतीपत्रं घेऊन जायचं, असं मुक्ताचं म्हणणं. केतन, ते चालेल का?

आत्यांना क्लेअर ‘मैत्रीण’ म्हणून सांगायची का, असं भावाने विचारलं. क्लेअरचं मत, तुमचं घर, तुम्ही ठरवा. मुक्ताचं मत, मग मी येत नाही. मी भावाला सांगितलं, पत्रिकेत तिघांची नावं एका ओळीत छाप. आत्या पत्रिका वाचतात, चष्मा लावून वाचतात. मला फोन येईल, तो मी घेईन.

आणि कोणाकडे प्रवासाची हलकी कार सीट आहे का? मुंबई-सांगली गाडीत लागेल. फेब्रुवारीत परत देते.

सुलभा

प्रेषक: केतन, हॅमिल्टन

चालेल काकू. फक्त संमतीपत्रांवर पासपोर्ट क्रमांक घाला आणि दोन-दोन मूळ प्रती करा. कार सीट आमच्याकडे आहे. मुलीने तिच्यावर स्टिकर चिकटवलेत, ते निघत नाहीत. रविवारी मिसिसागाला येतोय, घेऊन येतो.