मदत हवी आहे: मामा तलावातला पाला काढावा की राहू द्यावा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीला लागून. पहिल्या पावसात जंगलातून मोह, येन, पळसाचा पाला वाहून येतो अन् पाणी कोऱ्या चहासारखं होतं. परवा एक कुजकं पान उचललं, तर नुसती शिरांची जाळी उरलेली, बुळबुळीत, अन् तिला बारके झिंगे चिकटलेले. म्हणजे खाणारे आहेत!

आमच्या मच्छीमार संस्थेतले काही जण म्हणतात, सगळा पाला उपसून टाका. पण अमेरिकेत मिशिगनमधल्या दोन छोट्या तलावांत कार्बन-१३ (कार्बनचा थोडा जड, ओळखू येणारा प्रकार) मिसळून माग काढला होता, २००४ साली छापून आलं. प्राणीप्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांच्या) अंगातला २२ ते ५० टक्के कार्बन जमिनीवरून आलेला निघाला. पाल्यावर आधी बुरशी-जिवाणू बसतात, मग किडे-झिंगे, मग मरळ. अर्थात तिकडचे तलाव थंड, आपला उन्हाळ्यात आटणारा.

भीती एकच. पाला कुजताना ऑक्सिजन ओढतो. ढगाळ दिवसांत पहाटे मासे वर तोंड काढतात.

कोणी थोडा पाला ठेवून पाहिला आहे का? किती ठेवला? अन् पहाटेचा ऑक्सिजन मोजायचं साधं किट कुठं मिळेल?