फ्रिंजमध्ये निवड समितीच नसते

कुणी म्हटलंय की एडिंबरा फ्रिंजने, म्हणजे स्कॉटलंडमधल्या त्या नाट्य-विनोद महोत्सवाने, जेरी सॅडोविट्झ या विनोदवीराला निवडायलाच नको होतं. पण तिथे निवड समितीच नसते! १९४७ साली आठ नाटकमंडळ्या बोलावणं नसताना आल्या, तेव्हापासून ज्याला जागा मिळेल तो खेळ लावतो. २०२२ मध्ये सॅडोविट्झचा दुसरा प्रयोग रद्द केला तो प्लेझन्सने, म्हणजे जागा चालवणाऱ्या संस्थेने, पहिल्या रात्रीच्या तक्रारींवरून. तक्रारवाल्यांचा राग खरा असेल, पण दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलेल्यांनी काय केलं होतं? लहानपणी आमच्या धुळ्याकडच्या यात्रेत सोंगाड्याने अहिराणीतून पुढारी समोर बसलेले असताना त्यांची सालं काढलेली मी पाहिलीत. झोंबलं ते उठून गेले. वग पहाटेपर्यंत चालला.