मदत हवी आहे : रूट ६६ ची शंभरी, जावं की नाही?

मंडळी, आम्ही शिकागोजवळ राहतो. रूट ६६ ला, म्हणजे शिकागो ते कॅलिफोर्निया ह्या अमेरिकेतल्या जुन्या महामार्गाला, यंदा १०० वर्षं होतायत (११ नोव्हेंबर १९२६ ला अधिकृतपणे नंबर मिळाला) आणि आईबाबा पुण्याहून येतायत, बाबांना कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकापर्यंत अख्खा रस्ता गाडीने करायचाय, आठ राज्यं, जवळपास ३,९०० किमी!

मलाही हौस आहे, पण हे सेलिब्रेशन जरा खटकतंय. सगळीकडे नुसत्या निऑन पाट्या, जुन्या शेवरोले आणि मिल्कशेक. ह्याच रस्त्यावर कृष्णवर्णीयांना कितीतरी मोटेलात खोली मिळायची नाही, कुठे थांबता येईल हे ग्रीन बुकमध्ये (कृष्णवर्णीय प्रवाशांसाठीची मार्गदर्शिका) बघून लोक निघायचे, ते कुणी बोलतच नाही असं वाटतं. शिवाय इंटरस्टेट (नवे वेगवान महामार्ग) झाल्यावर गावंच्या गावं बसली, टेक्सासच्या हद्दीवरचं ग्लेनरिओ तर ओसाडच पडलं. १९८५ मध्ये हा नंबर महामार्गांच्या सरकारी यादीतूनच काढून टाकला आणि आता त्याचा वाढदिवस, म्हणजे जिवंतपणी विचारलं नाही नि वर्षश्राद्धाला पंगत.

तरी जाणारच बहुतेक, बाबांचं मन कोण मोडणार 😅 तर कुणी केलाय का हा प्रवास? ओक्लाहोमात टल्साचं ग्रीनवुड (कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती) आणि ल्यूथरजवळचा थ्रेट कुटुंबाचा जुना पेट्रोल पंप (कृष्णवर्णीय मालकांचा) बघायचाय, तो आतून बघता येतो का? आईचे गुडघे दुखतात, कुठला पट्टा सरळ इंटरस्टेटने उरकावा? आणि टेक्सासमधल्या अमरिलोच्या पुढे शाकाहारी काय मिळतं, फ्राइज सोडून?