अंगणातल्या तलावासाठी स्वस्तातला सोलर हीटर: १०० मीटर काळी नळी पुरेल का?

पाणकोंबडा (प्रश्न)
पोहण्याचा तलाव ६ मी × ३ मी, सरासरी खोली १.२ मी. थंडीत पाणी २२ अंशांवर असतं, २७ च्या आसपास हवंय. फिल्टरचा पंप पाऊण एचपीचा आहे आणि शेजारच्या शेडचं सपाट छप्पर रिकामं आहे. ठिबकची १६ मिमी काळी नळी १०० मीटर घ्यायची, गोल वेटोळं करून छपरावर टाकायची आणि पंपाला जोडायची, असा बेत आहे. व्हिडिओंमध्ये अशा नळीतून चटका बसेल इतकं गरम पाणी येताना दिसतं. एवढ्यात भागेल? वरून काच लावू का?

हिशेबनीस
नाही भागणार. तुमच्या तलावात साधारण २१,६०० लिटर पाणी आहे. ते १ अंशाने तापवायला २५ युनिट (वीजबिलातलं युनिट, किलोवॅट-तास) उष्णता लागते. १०० मीटर नळीची उन्हाला दिसणारी जागा १०० × ०.०१६, म्हणजे १.६ चौरस मीटर. चांगल्या उन्हात दिवसाला चौरस मीटरमागे ५ युनिट पडतात आणि त्यातले ६० टक्के पाण्यात उतरतात असं धरलं, तरी हाती येतात जेमतेम ५ युनिट. दिवसाला ०.२ अंश, आणि तेही रात्रीत उडून जाणार.

तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्मी जागा ही किमान गरज धरा: ९ चौ.मी., म्हणजे सुमारे ५५० मीटर नळी. थंडीतच वापरायचं असेल तर याच्या दुपटीकडे जावं लागेल.

चटका बसणाऱ्या पाण्याला भुलू नका. ते नळीत उभं राहून तापलेलं थोडंसं पाणी असतं. नळी जितकी तापते तितकी उष्णता ती वाऱ्याला देऊन बसते. पाणी जोरात खेळतं ठेवलं की नळी थंड राहते आणि ऊन तलावात जातं. नीट चालणाऱ्या हीटरमधून परतणारं पाणी १-२ अंशांनीच गरम असतं. हाताला फरक कळतही नाही.

काच नको. इतक्या कमी तापमानाला ती फायद्यापेक्षा जास्त ऊन अडवते, आणि पंप बंद पडला तर काचेखाली नळी मऊ होऊन बसते.

नळजोड
वरच्या आकड्यांना धरून मांडणी सांगतो. १०० मीटरच्या एकाच नळीत मिनिटाला १० लिटर ढकलायचे तर ११-१२ मीटर हेड (पाण्याचा दाब, मीटर उंचीत मोजलेला) खर्च होतं. पंप घुसमटतो आणि फिल्टरही उपाशी राहतो. त्यापेक्षा ५० मीटरचे ११ तुकडे समांतर जोडा. प्रत्येकातून ५ लिटर गेले तर हेड पावणेदोन मीटरच्या आसपास जातं आणि एकूण प्रवाह मिनिटाला ५५ लिटर मिळतो.

नळी प्लेन लॅटरल, म्हणजे छिद्रं नसलेली साधी, घ्या. ड्रिपर बसवलेली चुकून आणलीत तर छपरावर कारंजी. प्रत्येक तुकड्याची सपाट चकती करा. मध्ये ३० सेमी व्यासाचं भोक सोडा, त्याहून घट्ट वळवली की नळी मुडपते. चकती साधारण १.१ मीटरची होते. आतलं टोक वेटोळ्यांवरून बाहेर आणा.

दोन्ही बाजूंना ६३ मिमी पीव्हीसीचे हेडर, म्हणजे सगळ्या चकत्या ज्याला जोडायच्या ते जाड पाइप. भोकं ग्रोमेटच्या मापाचीच पाडा, कडा घासून घ्या, मग ग्रोमेट (रबरी कडी) आणि टेक-ऑफ (नळी जोडायचा तुकडा) बसवा. पाणी एका हेडरच्या डाव्या टोकातून आत आणि दुसऱ्याच्या उजव्या टोकातून बाहेर. दोन्ही एकाच टोकाला ठेवलंत तर जवळच्या चकत्या सगळं पाणी पितात आणि लांबच्या नुसत्या तापतात.

क्रम: पंप, फिल्टर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा), हीटर, मग क्लोरीन, मग तलाव. क्लोरीन हीटरच्या आधी नको. बायपाससाठी, म्हणजे हवं तेव्हा हीटर टाळून पाणी थेट तलावात न्यायला, तीन बॉल व्हॉल्व्ह: आत, बाहेर आणि मधला. कोणीतरी तांब्याची नळी सुचवेलच. पीएच ७ च्या खाली घसरला की तांबं विरघळून भिंतींवर हिरवट डाग पडतात.

पाणकोंबडा
कळलं. नळी खिळ्यांनी आवळून बसवू का? आणि थर्मोस्टॅट लागेलच का?

झडपवाला
आवळू नका. ही नळी तापली की मीटरमागे अंशाला साधारण ०.२ मिमी वाढते. ५० मीटरला ३० अंशांच्या फरकात जवळपास ३० सेमी. पातळ तारेने बांधली तर तार नळी कापते. लाकडी पट्ट्या फुलीसारख्या आडव्या-उभ्या ठेवून त्यावर रुंद पट्टीने सैल धरा, पट्ट्या मात्र छपराला पक्क्या हव्यात, वारा चकत्या उचलतो.

पंप थांबला की छपरावरचं पाणी खाली ओढलं जातं आणि नळ्या चपट्या होतात. त्यासाठी आत येणाऱ्या हेडरच्या सर्वांत उंच जागी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह लावा. बाहेर जाणाऱ्या बाजूला लावलात तर उतरतं पाणी सतत हवा ओढतं आणि तलावात बुडबुडे थांबत नाहीत. सुरू करताना मिनिटभर बुडबुडे आले तर ते ठीक.

थर्मोस्टॅट दोन सेन्सरचा (एक छपरावर, एक तलावाच्या पाण्याला), फरकावर चालणारा घ्या: छप्पर पाण्यापेक्षा ५ अंशांनी गरम झालं की चालू, २ वर आला की बंद. छपरावरचा सेन्सर चकत्यांशेजारी, कोरड्या काळ्या नळीच्या तुकड्याला बांधा. नसेल घ्यायचा तर टायमरवर साडेनऊ ते चार चालवा. रात्री चालू राहिला तर हाच हीटर तलाव थंड करतो (कडक उन्हाळ्यात मुद्दाम तसा वापरता येतो). पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बाकी सगळं नंतर.

हिशेबनीस
एक राहिलं: झाकण. तुमच्या तलावातून १ मिमी पाणी उडालं की १८ लिटर गेले आणि सोबत १२ युनिट उष्णता, म्हणजे अर्धा अंश. रात्रीत २ मिमी उतरलं तर ११ चकत्यांची दिवसभराची कमाई साफ. बुडबुड्यांचा प्लॅस्टिक ताव घ्या, बुडबुडे पाण्याकडे ठेवा आणि पोहणं संपलं की लगेच पसरा. नळीवर खर्च करायच्या आधी तो आठवडाभर वापरून पाण्याचं तापमान रोज सकाळी लिहून ठेवा. त्यावरून ९ चौ.मी. पुरतील की १८ लागतील ते ठरवता येईल.