प्लॅनेरियाचे दोन तुकडे केले तर जीव कोणत्या तुकड्यात?

वाटसरू
प्लॅनेरिया हा चपटा कृमी मधोमध कापला की दोन्ही तुकड्यांचे पूर्ण कृमी होतात. शेपटीकडच्या तुकड्याला नवं डोकं, नवा मेंदू येतो. मरण कुणालाच आलं नाही, तरी देह दोन झाले. मग एका देहात एक जीव मानणारी दर्शनं दुसरा जीव आणतात कुठून? आणि शेपटीतून वाढलेल्या कृमीला आधीचं काही आठवतं का?

सूक्ष्मदर्शी
आठवणीचं आधी सांगतो. २०१३ मध्ये शोमरात आणि लेव्हिन या संशोधकांनी डुगेसिया जॅपोनिका या प्लॅनेरियाच्या जातीचा एक गट १० दिवस खडबडीत तळाच्या बशीत ठेवला, दुसरा गुळगुळीत तळाच्या. मग उजेडात खाणं ठेवून कोण किती लवकर खायला लागतं ते मोजलं. कृमी उजेड टाळतो, त्यामुळे ओळखीच्या जागी त्याची बिचक कमी होते, हेच मोजमाप. पुढे डोकी कापली. नवी डोकी यायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यानंतर लगेच फरक दिसला नाही. एकदा छोटी उजळणी दिल्यावर शिकलेल्यांचे वंशज तुकडे पुढे गेले. म्हणजे आठवण शाबूत राहिली असं म्हणण्यापेक्षा पुन्हा शिकणं सोपं झालं, एवढंच म्हणता येतं.

हा प्रयोग फसतो तो चिकट स्रावामुळे. कृमी जाताना मागे स्राव सोडतो आणि पुढचे कृमी त्या वासाने वागतात; १९६०च्या दशकातले बरेच गाजलेले निष्कर्ष याच कारणाने संशयास्पद ठरले. दर चाचणीआधी बशी घासून धुवावी, न शिकलेला गटही त्याच दिवशी कापावा आणि मोजणाऱ्याला गट कोणता ते कळू देऊ नये.

अनेकान्त
जैन परंपरेत याचं तयार उत्तर आहे, आणि ते फार काटेकोर आहे. एक ते चार इंद्रियांच्या जीवांचा जन्म 'संमूर्च्छन' प्रकारचा: आई-बापाशिवाय, योग्य पुद्गल, म्हणजे जडद्रव्याचे कण, जमले की तिथे जीव येऊन देह धरतो. तुटलेला तुकडा ही अशी योनी, म्हणजे जन्माची जागा, ठरू शकते. येणारा जीव तैजस (तेजाचं) आणि कार्मण (कर्माचं) ही सूक्ष्म शरीरं घेऊन एक ते चार समयांत, म्हणजे काळाच्या अतिसूक्ष्म क्षणांत, पोचतो. मूळ जीवाची फाळणी होत नाही. भगवतीसूत्र या जैन आगमात तर कासव, घोरपड यांचे तुकडे केल्यावर मधल्या जागेत जीवप्रदेश, म्हणजे त्याच जीवाचे अंश, असतात का, हा प्रश्न थेट विचारला आहे. उत्तर होकारार्थी आहे.

अडचण दुसरीकडे आहे. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात कृमीला दोनच इंद्रियं, स्पर्श आणि रस. प्लॅनेरियाला मात्र डोळ्यांचे दोन ठिपके आहेत, उजेड-अंधार कळतो. वर्गवारी इथे ताणावी लागते, हे मान्य करायला हवं.

वाटसरू
मग शेपटीत आठवण कशी? नवा जीव आला तर संस्कारही नवे हवेत.

दीपशिखा
हाच खरा पेच. सांख्यांचं लिंगशरीर, म्हणजे एका देहातून दुसऱ्या देहात जाणारं सूक्ष्म शरीर, १८ तत्त्वांचं: बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रियं, पाच तन्मात्रा (सूक्ष्म भूतं). संस्कार बुद्धीत राहतात. बृहदारण्यक उपनिषदात देह बदलणाऱ्या आत्म्याला तृणजलायुकेची, म्हणजे गवतावरच्या जळूची, उपमा आहे: ती पुढचं पातं धरूनच मागचं अंग ओढून घेते. तिथे एकच जळू आणि एकच वाट आहे. दोन वाटांची उपमा तिथे नाही.

बौद्धांची अडचण कमी, कारण त्यांना न बदलणारा आत्मा लागत नाही. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथातल्या दिव्यावरून लावलेल्या दिव्यासारखं: 'तोच नाही, दुसराही नाही'. एका ज्योतीवरून दोन दिवे लागतात, पहिली विझतही नाही. आत्माच न मानणारा चार्वाक याच्याही पुढे जाऊन म्हणेल, किण्वातून (आंबवणातून) मद्यशक्ती यावी तशी पेशींतून जाणीव आली, हिशेब तिथेच मिटला.

प्रयोग करायचा तर त्याच कृमीच्या डोक्याकडच्या आणि शेपटीकडच्या दोन्ही तुकड्यांची नोंद ठेवावी. दोघांनाही उजळणीचा सारखाच फायदा झाला, तर संस्कारांची प्रत निघते असं मानावं लागेल, आणि अविभाज्य लिंगशरीर मानणाऱ्याला त्या प्रतीचा हिशेब द्यावा लागेल.