थंडरबर्डची मांडणी पूर्वीसारखी कशी करायची? (मदत हवी आहे)

टेकडीवरचा
मंडळी, बाबा (वय 76) आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. सगळा पत्रव्यवहार थंडरबर्डवर (पीसीवरचा ईमेल प्रोग्राम), तोही गेली कित्येक वर्षं. जुना पीसी दिवाळीत बसला. त्यावर 102 आवृत्ती होती. नव्या पीसीवर मी ताजी आवृत्ती टाकली. खातं आयमॅप (म्हणजे मेल्स सर्व्हरवरच राहतात) असल्यामुळे मेल्स आपोआप उतरल्या, पण मांडणी बघून बाबा म्हणाले, "हे माझं नाही."

त्यांना हवंय ते असं: वर यादी, खाली पत्र. यादीत एका ओळीत विषय, पाठवणारा, तारीख. सगळ्यात नवी मेल वर. आणि उत्तरं एकाखाली एक गुंडाळलेली नकोत, प्रत्येक मेल सुटी. आत्ता तीन उभे भाग दिसतात आणि यादीत प्रत्येक मेलचा चौकोन. त्यात मी खुडबुड करताना पत्राचा भागच गायब केला. काय दाबलं देव जाणे. मेनूही कुठे दिसत नाहीत.

खिडकीपाशी
गायब झालंय ते एफ८ मुळे असणार. पुन्हा एफ८ दाबा, येईल. मेनूसाठी ऑल्ट दाबा, वर पट्टी उगवते. त्यात व्ह्यू – लेआउट – क्लासिक व्ह्यू. झालं वर-खाली.

चौकोनांना कार्ड्स व्ह्यू म्हणतात. यादीच्या डोक्यावर उजवीकडे एक छोटं चिन्ह आहे, तिथून टेबल व्ह्यू निवडा. जुलै 2023 मध्ये 115 आवृत्ती आली तेव्हा तोंडवळा बराच बदलला, म्हणून 102 वरून थेट उडी मारणाऱ्याला परक्या घरात आल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं.

टेकडीवरचा
एफ८ चालला! क्लासिकही झालं. सुटं करायला व्ह्यू – सॉर्ट बाय मध्ये अनथ्रेडेड सापडलं, तिथेच तारीख आणि डिसेंडिंग (नवी वर). पण हे फक्त इनबॉक्सला लागलं. बाबांचे 40 च्या वर फोल्डर आहेत: पाणी, लिफ्ट, पार्किंगची भांडणं (यात तीन उपफोल्डर). प्रत्येकात जाऊन करू?

जुना_मॉडेम
अजिबात नको. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरची मांडणी वेगळी लक्षात ठेवतो, म्हणून असं होतं. इनबॉक्स मनासारखा लावून घ्या. मग रकान्यांच्या नावांच्या ओळीत अगदी उजव्या टोकाला जे चिन्ह आहे त्यावर क्लिक करा. जी पर्यायांची यादी उघडेल तिच्या तळाशी 'अप्लाय करंट व्ह्यू टू' आणि 'अप्लाय कॉलम्स टू' असे दोन पर्याय आहेत. दोन्ही वापरा, एकाने भागत नाही: पहिला क्रम आणि थ्रेडिंग (उत्तरं गुंडाळलेली की सुटी) नेतो, दुसरा रकाने. प्रत्येकात 'फोल्डर अँड इट्स चिल्ड्रन' घेऊन खात्याचं नाव निवडा.

टेकडीवरचा
ते चिन्हच नाही माझ्याकडे. रकान्यांची नावंही नाहीत.

खिडकीपाशी
म्हणजे टेबल व्ह्यू केलेलाच नाही तुम्ही :) कार्ड्समध्ये रकाने कुठून येणार?

टेकडीवरचा
खरंय, क्लासिक झालं म्हणजे सगळं झालं असं धरून चाललो होतो. आता टेबल केलं, चिन्ह दिसलं, दोन्ही पर्याय खात्याला लावले. लिफ्टचा फोल्डर उघडून पाहिला, सगळ्यात नवी मेल वर!

एकच राहिलं. बाबांना यादीतली अक्षरं बारीक वाटतात.

जुना_मॉडेम
उजव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा – फॉन्ट साइझ – अधिकचं चिन्ह. तिथेच डेन्सिटी आहे, ती रिलॅक्स्ड करा, ओळींत हवा खेळते. पण हे फक्त यादी आणि मेनूंपुरतं. उघडलेलं पत्र मोठं करायला कंट्रोल आणि अधिक.

टेकडीवरचा
केलं. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून यादी वाचली आणि लगेच पार्किंगवाल्यांना उत्तर लिहायला बसले. आभार दोघांचे. धागा बंद करायला हरकत नाही.